एका वाघाटीचं जोडपं

कासवाला पाठ एकच असते, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

जुळवणीबाईंनी नऊ वर्षं कासवांच्या पाठी जुळवल्या होत्या. कासव पकडायचं, वरून फोटो काढायचा, पाठीवरची नक्षी जुन्या फोटोंशी ताडून बघायची. जुळली तर कासव जुनं, नाही जुळली तर नवीन. या कामात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, म्हणून तर त्यांना हे नाव पडलं. आता नाव असलं की थट्टा आलीच. कचेरीत कोणाच्या घरी लग्नाचं पोर असलं की तो फोटो घेऊन त्यांच्या टेबलाशी यायचा आणि आपण पहिल्यांदाच हा विनोद करतोय अशा थाटात हसायचा. बाईही पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या हसायच्या. सरकारी नोकरीत हे करावं लागतं.

मग कासवांचा प्रकल्प संपला आणि बाईंची बदली वाघाटीच्या मोजणीवर झाली. वाघाटी म्हणजे एक रानमांजर. अंगानं घरच्या मांजराएवढीच, पण तोरा वाघिणीचा. अंगभर ठिपके, आणि प्रत्येकीचे ठिपके वेगळे. कचेरीमागच्या खोऱ्यात अशा तेरा वाघाट्या आहेत, असं सगळे बरीच वर्षं धरून चालले होते.

त्या खोऱ्यातून एक रस्ता जात होता आणि रस्त्यावर एक फाटक होतं. दिवस मावळला की फाटक पडायचं, उजाडलं की वर जायचं. वाघाटी पाण्यावर जायला निघते ती अंधार पडताना, आणि खोऱ्यापलीकडच्या दगडखाणीचे ट्रक काही मांजर बघून थांबणारे नव्हते. हे फाटक किती दिवस ठेवायचं याचाही नियम होता. वाघाट्या पंचवीस झाल्या की ते कायमचं काढायचं. पंचवीसच का, ते कोणालाही सांगता येत नसे. ज्याने आकडा लिहिला तो केव्हाच निवृत्त झाला होता आणि फोन उचलत नव्हता.

तर तेराच्या पंचवीस करायच्या होत्या. संचालकसाहेबांनी त्यासाठी जंगलाला हात लावला नाही, कॅमेऱ्यांना लावला. आजवर पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन कॅमेरे बांधलेले असायचे. जनावर मधून गेलं की एकाच क्षणी दोन्हीकडून फोटो निघे. साहेबांना यात उधळपट्टी दिसली. "एका मांजराला दोन कॅमेरे कशाला? ते काय लग्नाला उभं आहे?" असं म्हणून त्यांनी जोड्या फोडल्या. वीस जागांच्या चाळीस जागा झाल्या. तेवढ्याच कॅमेऱ्यांत दुप्पट जंगल, या वाक्यावर त्यांना वरून शाबासकीचं पत्रही आलं, आणि ते त्यांनी खुर्चीमागे फ्रेम करून लावलं.

त्याच सुमारास संगणकावर नवा प्रोग्राम आला. जुने फोटो त्यात उघडत नव्हते. उघडून द्या म्हणून केलेला अर्ज सात महिने संगणक विभागात पडून होता. त्यामुळे बाईंची सुरुवात कोऱ्या पाटीवर झाली. फोटो आला की प्रोग्राम विचारायचा, जुनी की नवीन? बाई ठिपके बघायच्या, जुळवायच्या, आणि जुळले नाहीत की 'नवीन' दाबायच्या. डाव्या अंगाच्या फोटोला प्रोग्राम 'डा' लावायचा आणि उजव्याला 'उ'. वर्षअखेर आकडा आला सव्वीस. तेरा डा, तेरा उ.

म्हणजे खोऱ्यातल्या अर्ध्या वाघाट्यांना फक्त डावी बाजू होती आणि अर्ध्यांना फक्त उजवी. एवढ्या मोठ्या कचेरीत हे कोणाला खटकलं नाही, कारण बेरीज बरोबर होती.

बाईंना मात्र काहीतरी टोचत होतं. काय ते सापडत नव्हतं. त्यातून डा-नऊ आणि उ-चार यांनी तर डोकंच खाल्लं. ओढ्याजवळच्या कॅमेऱ्यात रोज संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास डा-नऊ पाण्याकडे जाताना दिसायची, आणि बरोबर चाळीस मिनिटांनी उ-चार पाण्याकडून परत येताना. एक दिवस खाडा नाही. साहेबांना हे दाखवल्यावर ते खुर्चीतून उठलेच.

"बाई, हे जोडपं आहे."

"पण साहेब, वाघाटी एकटी राहते. जोडीनं फिरत नाही."

"आजवर फिरत नव्हती. आपल्या संरक्षणामुळे फिरायला लागली. बघा ना, ती जाते, तो येतो. दोघंही एका वेळी घर सोडत नाहीत. आपल्याकडच्या लोकांना जे जमत नाही ते या मुक्या जनावरांना जमतंय."

पंधरा दिवसांत पोस्टर छापून आलं. डावीकडे उ-चार, उजवीकडे डा-नऊ, दोघांची तोंडं एकमेकांकडे, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'खोऱ्यातलं आदर्श जोडपं'. शाळांतून वाटलं, दवाखान्यांतून लावलं. कचेरीच्या जिन्यात लावलं तिथे कोणीतरी पेनानं उ-चारला मिशा काढल्या. मांजराच्या मिशा आधीपासून होत्याच, या नवऱ्याला शोभतील अशा काढल्या. साहेबांनी या जोडप्यावर शोधनिबंध लिहायला घेतला. आणि मंत्रीबाईंनी कळवलं की येत्या महिन्यात त्या स्वतः येऊन फाटक उचलतील, कायमचं.

एका रविवारी बाई ते सगळे फोटो घरी घेऊन आल्या. घरात मोठं टेबल एकच, आणि त्याच्या अर्ध्यावर सासूबाईंचं राज्य होतं. सासूबाई पेशानं शिंपी. डोळ्याला जाड चष्मा, गळ्यात टेप, आणि चाळीस वर्षं लोकांना मापात ठेवल्यामुळे जिभेला धार. त्या एका सदऱ्याचे तुकडे बेतत बसल्या होत्या. बाईंनी उरलेल्या अर्ध्यावर डा-नऊ आणि उ-चार यांचे फोटो मांडले.

"हे काय गं, मांजरीचे एवढे फोटो?"

"आई, मांजरी दोन आहेत. ही जाते, ही येते."

सासूबाईंनी कात्री खाली ठेवली. एक फोटो उचलला, मग दुसरा. चष्मा कपाळावर सरकवून दोन्ही नाकाजवळ नेले.

"शेपटीचं टोक बघ. दोन्हीकडे सारखंच मोडलंय."

"हो, पण ठिपके जुळत नाहीत."

"कसे जुळतील? हा डावा तुकडा आहे, हा उजवा. छापील कापडातून मी डावा आणि उजवा कापते तेव्हा फुलं सारखी येतात का? म्हणून काय मी एका गिऱ्हाइकाला दोन सदरे झाले म्हणून सांगते?" त्यांनी फोटो टेबलावर टाकले. "जाताना डावी बाजू, येताना उजवी. मी बाजारात गेले आणि परत आले, की घरात दोन सासवा होतात का? तुझ्या नशिबात एकच आहे. तीच झेपत नाही तुला."

बाई खुर्चीवर बसल्या त्या बराच वेळ उठल्या नाहीत. आधी शरम आली. नऊ वर्षं पाठी जुळवल्या होत्या, आणि जनावराला दोन बाजू असतात ही गोष्ट एका शिंपिणीनं सांगावी लागली. शरम गिळून झाल्यावर खरी भीती आली. सव्वीस नव्हत्याच. तेराच्या तेराच होत्या, आणि त्यांच्या नि ट्रकांच्या मधलं एकुलतं फाटक आपल्या बोटानं दाबलेल्या 'नवीन'मुळे निघणार होतं.

सोमवारी त्या साहेबांसमोर उभ्या राहिल्या आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. चूक माझी आहे, हेही सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांच्या डोक्यात एकदा आकडा शिरला की बाहेरची वाट त्याला सापडत नसे.

"हा तर्क झाला, बाई. पुरावा कुठाय?"

"कॅमेरे परत जोडीनं लावू. पंधरा दिवसांत कळेल."

"मंजूर आराखडा आहे तो. बदलायचा तर पुढच्या वर्षी. तुम्ही असं करा, दोन्ही बाजू दिसणारा एक फोटो आणा. एकच, पण स्पष्ट. लगेच दुरुस्ती करतो."

"साहेब, मांजराच्या दोन्ही बाजू एका फोटोत कशा येतील?"

"तेच तर म्हणतोय मी," साहेब म्हणाले आणि पुढची फाइल ओढली.

बाईंनी तीन अर्ज दिले. तिन्हींवर 'पाहिले' असा शेरा आला.

मंत्रीबाई यायच्या आदल्या दिवशी रंगीत तालीम ठरली. फाटकाजवळ मांडव पडला, फीत बांधली, जोडप्याचं पोस्टर मोठं करून मागे ताणलं. मंत्रीबाईंच्या जागी कोणाला तरी उभं करायला हवं होतं. बाईंची उंची आणि अंगकाठी बरोबर बसते असं साहेबांचं मत पडलं, म्हणून बाईंना गाड्यांच्या रांगेत दुसऱ्या गाडीत बसवलं. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण साहेब तोवर फोटोग्राफरशी बोलायला गेले होते.

मंत्रीबाईंची वेळ पावणेसातची होती. म्हणून तालीमही पावणेसातला.

फाटकवाला म्हातारा होता. वीस वर्षं तो दोर ओढत आणि सोडत आला होता. तो साहेबांच्या गाडीच्या खिडकीशी आला. "साहेब, ही तिची पाण्यावर जायची वेळ आहे. अर्धा तास थांबा, नाहीतर आधी तरी करा."

"मामा, उद्या मंत्रीबाईंना अर्धा तास थांब म्हणून सांगणार का तुम्ही?"

फाटकवाला आपल्या दोराकडे परत गेला. बाईंनी तालमीतली फीत कापली, टाळ्या पडल्या, बाई परत गाडीत बसल्या, फाटक वर गेलं, आणि मंत्रीबाईंचा ताफा जसा जाईल तशा चार गाड्या वेगानं आत शिरल्या. ओढ्याच्या वळणावर पहिल्या गाडीचा ब्रेक किंचाळला.

बाई धावत पुढे गेल्या. रस्त्यावर डाव्या कुशीवर वाघाटी पडली होती. रक्त फारसं नव्हतं. शेपटीचं टोक मोडलेलं. वर दिसत होती ती उजवी बाजू, उ-चार, खांद्यावरच्या तीन लांबट ठिपक्यांसकट. बाई गुडघ्यावर बसल्या, दोन्ही हात खाली घातले आणि तिला हळूच उलटी केली. डा-नऊ. वर्षभर पडद्यावर पाहिलेली दोन्ही अंगं अजून ऊबदार होती. बाईंना रडू फुटलं आणि त्यांनी ते आवरलं नाही. साहेबांना हवा होता तो पुरावा हाच होता, आणि तो मिळवायला फीत बाईंनी स्वतःच्या हातानं कापली होती.

फोटोग्राफर मात्र आपलं काम चोख करणारा निघाला. त्यानं उलटायच्या आधी एक फोटो काढला आणि उलटल्यावर एक. सकाळच्या वर्तमानपत्रात दोन्ही शेजारी शेजारी छापून आले. वर मथळा, 'आदर्श जोडप्याचा करुण अंत'.

सकाळी नऊ वाजता साहेबांच्या खोलीत साहेब, जुळवणीबाई आणि जनावरांचे डॉक्टर एवढेच होते. साहेबांचा चेहरा उतरला होता. संध्याकाळी मंत्रीबाई पोचणार होत्या.

"एक मेली असं लिहू," साहेब म्हणाले. "सव्वीसातून एक गेली, पंचवीस. नियमात बसतं."

"कोणती मेली?" बाईंनी विचारलं. "डा-नऊ लिहिलं तर उ-चार जिवंत दाखवावी लागेल. तिचा मेल्यावरचा फोटो घरोघरी गेलाय."

साहेबांनी वर्तमानपत्राकडे पाहिलं. इकडे आड आणि तिकडे विहीर, आणि दोन्हींवर त्यांच्याच कचेरीची पाटी.

"मग खरं लिहू या, साहेब. जोडपं नव्हतंच. एकच होती. सगळ्याच एकेक आहेत. तेरा होत्या, बारा उरल्या."

साहेबांनी वर्तमानपत्राची घडी घातली. बोलले ते पहिल्यांदाच साहेबासारखे नाही, माणसासारखे बोलले.

"बाई, तुमचं बरोबर आहे हे मला त्या सोमवारीच कळलं होतं. पण आज खरं लिहिलं तर काय होईल? चौकशी समिती बसेल. समितीचा अहवाल येईपर्यंत मंजूर आकडा सव्वीसच राहील, आणि मंजूर आकड्यावर मंत्रीबाई आज फाटक काढतील. त्याऐवजी दोन मेल्या असं लिहिलं, तर आजच्या आज चोवीस. पंचविसाच्या खाली. फाटक राहतं. मृत्यूच्या नोंदीला समिती लागत नाही, फक्त ओळख पटवणाऱ्याची सही लागते." त्यांनी दोन कोरे फॉर्म पुढे सरकवले. "सही तुमची."

बाईंनी फॉर्म आपल्याकडे ओढले. या माणसाचा राग यावा की कीव यावी, हे त्यांना ठरवता येईना. नऊ वर्षांत त्यांनी एक खोटी नोंद केली नव्हती. चुकीची केली होती, तेरा वेळा, पण ती मनापासून.

डॉक्टर खाकरले. "मला वजन भरायचंय. शरीर एकच आहे, तीन किलो दोनशे."

"निम्मं निम्मं लिहा," साहेब म्हणाले.

डॉक्टरांनी लिहिलं. मग पेन खाली ठेवून ते बाईंना म्हणाले, "हिला पिल्लू होतं. दूध आटत आलेलं, म्हणजे पिल्लू मोठं झालं असेल. जगलं तर जगलं."

पाणी पिऊन चाळीस मिनिटांत का परतायची, ते बाईंना तेव्हा कळलं. घर एकटं टाकत नाहीत, असं साहेब म्हणाले होते. त्या जोडप्याबद्दलची तेवढी एकच गोष्ट खरी निघाली.

बाईंनी पहिल्या फॉर्मवर सही केली. मग दुसऱ्यावर केली. मग आपल्या टेबलाशी जाऊन प्रोग्राममध्ये डा-नऊपुढे 'मृत' दाबलं, आणि उ-चारपुढे 'मृत' दाबलं.

मंत्रीबाई आल्या तेव्हा मांडवातली फीत काढून तिथे पांढरी फुलं लावली होती. ओढ्याच्या वळणावर मातीचे दोन ढीग केले होते, त्यातला एक रिकामा. मंत्रीबाईंनी दोन्हींवर फुलं वाहिली आणि नेमक्या रिकाम्यापाशी डोळे पुसले. साथ सुटली नाही, मरणातही सुटली नाही, असं त्या म्हणाल्या. आणि संख्या पुन्हा पंचवीस होईपर्यंत हे फाटक हलणार नाही, असंही म्हणाल्या. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे लोकांना कळेना. फाटकवाल्यानं तेवढ्यात दोर सोडला, कारण दिवस मावळला होता.

घरी सासूबाईंनी ताट वाढता वाढता विचारलं, "किती राहिल्या?"

"कागदावर चोवीस."

"आणि जंगलात?"

"बारा."

सासूबाईंनी नेहमीपेक्षा जास्त वाढलं आणि बाईंनी ते खाल्लं.

चार महिने गेले. एका गुरुवारी ओढ्याजवळच्या कॅमेऱ्याचे फोटो आले आणि बाईंचा हात थांबला. लहानखुरी वाघाटी, कान अंगाच्या मानानं मोठे, पाय अजून काटकुळे. वेळ आदल्या संध्याकाळची, सहा पन्नास. एकटीच पाण्याकडे निघालेली. डावी बाजू. ठिपके कोणाशीच जुळत नव्हते.

प्रोग्रामनं विचारलं, जुनी की नवीन?

बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी खोलीत कोणी आहे का ते वळून पाहिलं. ते पिल्लू जगलं होतं. वर्षभरात या खोऱ्यात झालेली एकमेव खरी वाढ त्यांच्यासमोर चार पायांवर उभी होती. आणि दुसऱ्याच क्षणी त्यांनी हिशोब केला. चोवीस अधिक एक, पंचवीस. परत येताना उजवीकडून दिसली तर सव्वीस. हे एवढंसं पिल्लू नोंदवलं की आठवड्याच्या आत फाटक निघेल, आणि त्या वळणावर ट्रकखाली सापडणाऱ्यांत पहिलं तेच असेल.

साहेब दारातून डोकावले. "काय बाई, फक्त एकच कमी आहे आता. आली का एखादी?"

"बघते आहे, साहेब."

साहेबांची नजर पडद्याकडे गेली. मग ती भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली आणि तिथेच राहिली. "बघा बघा. घाई नाही," असं म्हणून ते निघून गेले. त्यांना दिसलं की नाही, ते बाईंना कधीच कळलं नाही.

बाईंनी फोटो छापून घेतला आणि प्रोग्राममधून पुसून टाकला. तासाभरानं उजव्या बाजूचाही समोर आला, त्याचंही तेच केलं. संध्याकाळी दोन्ही घरी नेऊन सासूबाईंसमोर टेबलावर ठेवले. सासूबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, दोन्ही फोटो कडेला कड लावून जुळवले आणि हसल्या.

"एकच आहे," त्या म्हणाल्या. "पण माप सुरेख आहे."

मग त्यांनी आपला बटणांचा डबा उघडला, बटणं बाजूला केली, फोटो तळाशी ठेवून वर बटणं पसरली आणि झाकण दाबून बसवलं. दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन जुळवणीबाईंनी गुरुवारच्या रकान्यात लिहिलं, नवीन काही नाही.